बुरूज उडतो ती ओळ

माझ्या डाव्या खांद्यापासून गळ्याकडे येणाऱ्या हाडावर सुपारीएवढी गाठ आहे. ती माझ्या गाण्याच्या शिक्षणाची खूण. माण तालुक्यातल्या आमच्या गावात गुरुजींकडे तबला लावायची हातोडी होती आणि ती तबल्यापेक्षा आमच्यावर जास्त चालायची. सूर उतरला की बोटांच्या पेरांवर, ताल चुकला की गुडघ्यावर. एकदा माझी सम हुकली तेव्हा ती इथे बसली. हाड मोडलं. गुरुजी म्हणाले, "आता विसरणार नाहीस." समेचं मी पुढे बरंच विसरलो. हातोडी मात्र लक्षात राहिली.

त्यांची दुसरी पद्धत हातोडीपेक्षा वाईट होती. कुणाचा आवाज गळ्यात अडकला की ते उजव्या हाताचा अंगठा त्याच्या कंठावर ठेवून दाबायचे. "इथून गातोयस. कळलं? इथून." डोळ्यांपुढे अंधारी आली की सोडायचे. मग खोकत खोकत पुन्हा सा लावायचा.

गेली सव्वीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून परत आणा, लाल म्हणजे भंगार. टॅगवर चार रकाने असतात: दोष, कुठे, कारण, कारवाई. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून गुरुवारी सकाळी नऊ ते बारा कुरुळीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत मी गाणं शिकवतो. शिकायला येणारे सगळे कारखान्यांतलेच. क्लास सुरू केला तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावर पाच नियम लिहिले. आधी काय बरोबर आलं ते सांगायचं. एका वेळी एकच दोष. तो कुठल्या ओळीत, कुठल्या अक्षरावर, ते दाखवायचं. "तुझा आवाज वाईट" म्हणायचं नाही, "हा सूर खाली आला" म्हणायचं. आणि पाचवा, हात लावायचा नाही.

गाणाऱ्यांनाही मी टॅगच द्यायला लागलो. कार्डशीटचे तुकडे, तेच चार रकाने. फक्त हिरवा आणि पिवळा. माणसाला लाल टॅग नाही, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांना ती पद्धत पटकन कळली. 'अंतऱ्यात भाव कमी' असं म्हटलं असतं तर माना डोलावून घरी गेले असते. पिवळ्या टॅगवर 'दोष: श्वास संपतो. कुठे: तिसरी ओळ, चौथा शब्द. कारण: दुसऱ्या शब्दावर जास्त हवा. कारवाई: श्वास दुसऱ्या शब्दाआधी' असं लिहिलं की पुढच्या गुरुवारी काम झालेलं असायचं.

यंदा शिवजयंतीला चाकणमध्ये पोवाडा करायचा ठरला. चाकणच्या किल्ल्याच्या वेढ्याचा, मीच बांधलेला. आता तिथे तटाचे थोडेच तुकडे उरलेत, त्यांना टेकून दुचाक्या उभ्या असतात. वेढ्यात शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवतात, वरची माणसं बुरुजासकट जातात, ते कडवं पोवाड्याचा कणा होतं.

"सुरुंगाला बत्ती दिली, धरणी हादरली,
बुरूज गेला आभाळी, माती खाली आली."

मुख्य गाणारा म्हणून मी एका चोवीस वर्षांच्या तरुणाला निवडलं. परभणीकडचा, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या दाबयंत्रांवर, ऑपरेटर. उंच, मनगटं जाड, आवाज असा की खाली गिरणीचा पट्टा चालू असला तरी रस्त्यावर ऐकू जाईल. मागे झील धरायला, म्हणजे 'जी जी रं जी' म्हणायला, आमच्या कंपनीच्या कँटीनमधल्या काकू. त्या चिपळूणच्या. पन्नाशीच्या, सुरात पक्क्या, तोंडाने त्याहून पक्क्या. डफ तो तरुण स्वतःच वाजवणार होता.

पहिल्या गुरुवारी तो बुरुजाच्या ओळीवर आला आणि ओरडला. त्या ओरडण्याला गाणं म्हणता येत नव्हतं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, डफावर हात असा पडला की कडं वाकलं. ओळ संपल्यावर तो खोकत खाली बसला.

"वा," काकू म्हणाल्या. "बुरुजाबरोबर हा पण उडाला."

मी नियमाप्रमाणे आधी चांगलं सांगितलं: उच्चार स्वच्छ, ताल पक्का. मग पिवळा टॅग दिला. दोष: ओरडणे. कुठे: बुरूज. कारवाई: पोटातून हवा, आवाज निम्मा.

"निम्मा कामून सर? सुरुंग हाय ना."

"सुरुंग श्रोत्यांच्या डोक्यात उडाला पाहिजे. तुझ्या गळ्यात नको."

तो हसला. टॅग खिशात ठेवला. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच, जास्तच. बाकीचा पोवाडा तो उत्तम म्हणायचा. ती ओळ आली की त्याचे डोळे फिरायचे, तो समोर कुणाला तरी मारायला निघाल्यासारखा पुढे झुकायचा आणि आवाज फाटायचा. बोलतानाही त्याचा आवाज बसायला लागला होता. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, तिथे जाऊन तो थुंकला. मी मागे उभा होतो. थुंकीत लाल दोरा होता.

"हे कधीपासून?"

"काय होत नाय सर. पान खाल्लंया."

"तू पान खात नाहीस."

मी त्याला त्याच दिवशी पिंपरीला गळ्याच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, पत्ता लिहून दिला. तो गेला नाही. ही ओळ त्याने अशीच आणखी महिनाभर म्हटली तर आवाज कायमचा जाईल, हे मला दिसत होतं. त्याला पोवाडा सोडून दुसऱ्या कशाचीच ओढ नव्हती. गावाहून आल्यापासून शिफ्ट, खोली आणि गुरुवार, एवढंच त्याचं चाललं होतं.

चौथ्या गुरुवारी तो आला, डफ काढला, आणि मी काही बोलायच्या आत थेट त्याच ओळीवर गेला. पूर्ण ताकदीने. खिडकीची काच थरथरली. मी "थांब" म्हणालो. तो थांबला नाही. दुसऱ्यांदा तीच ओळ. मी उठलो. एवढंच मला नीट आठवतं की मी उठलो. त्यानंतर माझा उजवा अंगठा त्याच्या कंठावर होता आणि मी दाबत होतो.

"इथून गातोयस. कळलं? इथून."

त्या शब्दांचा आवाजही माझा नव्हता, गुरुजींचा होता. त्याचा गळा आधीच सुजलेला. त्याच्या घशातून चाकावर घासणाऱ्या ब्रेकसारखा आवाज आला. मी तरी सोडलं नाही. मग त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. मी पेटीवर पडलो, पेटी माझ्यासकट स्टुलावरून खाली गेली आणि भाता फाटला. ओठ आतून दातावर कापला होता. सतरंजीवर रक्त सांडलं. तो माझ्यावर उभा होता, मूठ तशीच वळलेली, आणि मला वाटलं आता दुसरी बसणार.

काकू मध्ये आल्या. त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "जा मेल्या. आधी खाली जा."

तो डफ तिथेच टाकून गेला. जिन्यात त्याने भिंतीवर मूठ मारल्याचा आवाज आला. गिरणीवाला वर येऊन बघून गेला. "काय झालं राव?" त्याने विचारलं. "पेटी पडली," मी म्हणालो.

काकूंनी ओला फडका माझ्या ओठावर दाबला. वाटलं त्या त्याला शिव्या घालतील.

"सर," त्या म्हणाल्या, "त्याने मारलं ते मी बघितलं. त्याच्या आधीचं पण बघितलं."

पुढच्या गुरुवारी मी आलो तेव्हा फाटक्या पेटीच्या कडीला लाल टॅग बांधलेला होता. कार्डशीट नव्हे, कंपनीतला खरा टॅग, तारेसकट. अक्षर काकूंचं. नाव: सर. दोष: हात उचलला. कुठे: गळा. 'कारण' आणि 'कारवाई' कोरे. खाली त्यांची सही.

"माणसाला लाल टॅग नाही," मी म्हणालो.

"तो तुम्ही काढलेला नियम. मी तपासणारी. कारण भरा."

आमच्याकडे शिस्त अशी आहे की ज्याने टॅग लावला तोच तो काढतो, आणि कारण-कारवाई भरल्याशिवाय काढत नाही. मी पेन घेऊन 'कारण'पुढे लिहिलं: विद्यार्थी ऐकत नाही.

काकूंनी बघितलं आणि हसल्या. "तुमच्या साहेबांनी हे चालवून घेतलं असतं?"

नसतं घेतलं. 'ऑपरेटर ऐकत नाही' हे कारण मी स्वतः शंभर वेळा खोडलेलं आहे. ऑपरेटर का ऐकत नाही ते लिहा, असं लाल शाईने परत पाठवलेलं आहे. हा का ऐकत नाही, ते मला माहीत नव्हतं. चार गुरुवार मी त्याला कसं गायचं ते सांगत होतो. त्या ओळीला त्याला काय होतं, ते एकदाही विचारलं नव्हतं.

त्याची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणून शुक्रवारी मी रजा टाकून सकाळी त्याच्या खोलीवर गेलो. एका खोलीत पाच जण, आळीपाळीने झोपणारे. दोघं तोंडावर चादर घेऊन झोपले होते. तो बाहेर नळावर कपडे घासत होता. मला बघून उभा राहिला. गळ्यावर माझ्या अंगठ्याची खूण होती, निळी, ठेचलेल्या पिकल्या जांभळासारखी.

"मी चुकलो," मी म्हणालो. "गळ्याला हात लावला."

तो माझ्या ओठाकडे बघत होता. "दात ऱ्हायला का सर?"

"हलतोय."

"मंग फिटलं." आवाज नुसती हवा होती.

मी उलट्या बादलीवर बसलो. विचारलं, "त्या ओळीला तुला काय दिसतं?"

त्याने शर्टाची कॉलर घासायला घेतली. मग सांगितलं. मी त्याच्या शब्दांत लिहितो, कारण मला ते बदलता येत नाहीत.

"शेजारच्या प्रेसवर दोस्त व्हता माझा. आमी संगंच आलो गावाकडून. दोन्ही हातानं दोन बटणं दाबायची, तवा प्रेस खाली येती. त्या प्रेसचं एक बटण पट्टीनं बांधून ठिवलं व्हतं, काम भराभर व्हावं म्हणून. त्याचा हात आत ऱ्हायला. त्यो वरडला आसंल. माझ्या कानात बोळे. आणि धा प्रेस चालू. मी पाठमोरा व्हतो सर. पहिला स्ट्रोक झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मी वळलो, ते बी पार्ट ठिवायला. तवा दिसलं. त्याचं तोंड उघडं व्हतं, आवाज काय येत नव्हता. मंग मीच वरडलो. कोण वळंना. मी लई वरडलो."

नळ चालू होता. त्याने तो बंद केला.

"ती वळ आली की वाटतं, कुणाला ऐकूच जाणार नाय."

दोस्त आता गावाकडे होता, मनगटाच्या खाली काही नसलेला. शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सरवर चटणी वाटत होतं, वर टीव्ही चालू होता.

"आत्ता तू किती मोठ्याने बोललास?" मी विचारलं.

"कुठं मोठ्यानं. घसाच नाय."

"मिक्सर चालू होता. टीव्ही चालू होता. एक शब्द माझा सुटला नाही."

त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

तिथेच बादलीवर बसून मी यादी केली. मला तेवढंच येतं. शनिवारी डॉक्टर, मी बरोबर येणार. डॉक्टर सांगतील तितके दिवस तोंड बंद, बोलायचं ते कागदावर. सकाळ-संध्याकाळ वाफ. शॉपमध्ये कुणाला हाक मारायची नाही, गळ्यात शिट्टी. गुरुवारी येऊन फक्त डफ वाजवायचा, तोंड मिटून. बुरुजाची ओळ शेवटच्या आठवड्यापर्यंत म्हणायची नाही. त्याने ओल्या हाताने यादी घेतली, घडी घातली आणि पाकिटात ठेवली.

डॉक्टरांनी सूज दाखवली आणि दोन आठवडे मौन सांगितलं. त्याने ते पाळलं. सुपरवायझरने शिट्टीवरून त्याला चिडवलं, तर त्याने चिठ्ठी लिहिली: 'बांधलेलं बटण दिसलं की पण वाजवीन.' पुढच्याच आठवड्यात दोनदा वाजवली, त्यावरून एकाने त्याची कॉलर धरली. तो मारामारीला उतरला नाही. शिट्टी वाजवत राहिला.

शेवटच्या आठवड्यात आम्ही ती ओळ बसवली. 'धरणी हादरली'ला डफ जोरात आणि तिथेच तोडायचा. काकूंनी झील द्यायची नाही. चार मात्रा काही नाही. मग 'बुरूज गेला आभाळी', नळावर बसून सांगितलं तशी, त्याच आवाजात, गाणं आणि बोलणं यांच्या मधे कुठेतरी. मोठं करायचं काम माइकचं. पहिल्यांदा त्याला जमलं नाही, चौथ्या मात्रेवर मान ताठ झाली. माझा हात उठला. मी तो दुसऱ्या हाताने धरला. काकूंनी ते बघितलं.

कार्यक्रम सकाळी होता. मैदान भरलेलं, फेटे, ढोल, मागच्या रस्त्यावर दुसऱ्या मंडळाची गाडी मोठ्ठे स्पीकर लावून उभी. आमच्या लोकांनी आवाज बंद करायला सांगितलं. त्यांनी वाढवला. तिसऱ्या कडव्याला मागे ढकलाढकली सुरू झाली, पाचव्याला खुर्च्या उडायला लागल्या. एका माणसाच्या डोक्यात खुर्चीचा पाय लागला आणि पांढरा फेटा लाल होत गेला. बाया पोरांना ओढत कडेला पळाल्या. संयोजक मला म्हणाला, "गुंडाळा लवकर." मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो. पुढे बुरुजाचं कडवं होतं. समोर माणसं माणसांना तुडवत होती, स्पीकरचा धडधडाट प्रेस शॉपसारखा. आता हा ओरडणार, असं मी धरून चाललो. कुणीही ओरडलं असतं.

त्याने डफावर थाप मारली आणि तोडली. चार मात्रा तो नुसता उभा राहिला. तोंड किंचित उघडं.

मग म्हणाला, हळू: "बुरूज गेला आभाळी."

मागची मारामारी थांबली नाही. तसं काही होत नसतं. पण पुढच्या पाच-सहा रांगा, ज्या मान वळवून मागची हाणामारी बघत होत्या, त्या परत वळल्या. एक म्हातारा जागेवरच खाली बसला. त्या ओळीनंतरची झील काकूंनी ठरल्यापेक्षा दोन मात्रा उशिरा दिली. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मात्रा मोजायच्या राहिल्या हो." मी वहीत लिहून ठेवलं आहे, त्यांना पिवळा टॅग द्यायचा आहे.

पोवाडा पूर्ण झाला तोवर पोलीस आले होते. स्टेजमागे नळ होता. तो घामाने निथळत तिथे आला. मला म्हणाला, "टॅग सर?"

"उच्चार स्वच्छ," मी सुरू केलं. "ताल पक्का. बुरूज बरोबर. शेवटच्या कडव्यात श्वास उथळ झाला, दुसऱ्या ओळीला, 'रक्ताचा' वर."

"पिवळा मंजे."

"पिवळा."

"आणि सरांचा?" त्याने काकूंना विचारलं.

काकूंनी पर्समधून तो लाल टॅग काढला. 'कारण'पुढे पहिलं खोडून मी लिहिलेलं होतं: विचारलं नाही. 'कारवाई'पुढे: आधी विचारायचं, शिकवताना उजव्या हातात वही धरायची. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत पर्समध्ये टाकला. "परवा हात उठला होता. वर्षभर बघते."

तो हसला, त्याला ठसका लागला. तो नळाशी वाकला आणि थुंकला. आम्ही दोघंही त्याच्या दोन्ही बाजूंनी वाकलो. मागे कुणीतरी अजून शिव्या देत होतं. सिमेंटवर थुंकी पडली होती. पांढरी होती. आम्ही खात्री होईपर्यंत बघत राहिलो, मग त्याने नळ सोडला.